डाव्या हाताची खोली

एल्विओ फुर्लानेत्तोने पन्नास वर्षं लोकांच्या भिंती सरळ केल्या. या धंद्यात माणसाला एक खोड लागते. समोरची प्रत्येक गोष्ट वाकडीच आहे असं धरून तो चालतो, आणि सरळ असल्याचा पुरावा त्या गोष्टीनेच द्यायचा असतो. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब ठीक आहे म्हटलं, तर हा आधी विचारणार, तुमचं यंत्र ठीक आहे का. त्याची बायको निवेस म्हणायची, "तुला स्वर्गात बोलावलं तरी तू लगेच आत जाणार नाहीस. आधी दाराच्या चौकटीला ओळंबा लावून बघशील." यावर गावातले सगळे हसत. एल्विओ हसत नसे, कारण त्यात चूक काय हेच त्याला कळत नसे.

त्या मंगळवारी तो नेहमीसारखा एजिदिओच्या बारमध्ये शिरला, तेव्हा चार जणांनी उठून त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याला तिथेच संशय आला.

"पेपर बघितलास?" एजिदिओने न मागता पांढऱ्या वाइनचा पेला पुढे सरकवला. "पोरीने नाव काढलं. हा माझ्याकडून."

"तू फुकट पाजतोयस म्हणजे बातमी वाईट असणार."

"आधी वाच. कुरकुर नंतर कर."

बातमी अर्धं पान होती. नदीच्या वळणावरच्या व्हिला क्वेरेनाचं तीन वर्षं चाललेलं दुरुस्तीकाम संपलं होतं आणि येत्या रविवारी ती लोकांना खुली होणार होती. आत शिरताच डाव्या हाताच्या खोलीत, शेकोटीसमोरच्या भिंतीवर, चुन्याच्या सात थरांखाली साडेचारशे वर्षांपूर्वीचं भित्तिचित्र सापडलं होतं. ते उघडं करणाऱ्या चमूची प्रमुख म्हणजे याच गावची लेक, मोरेना फुर्लानेत्तो. खाली तिचा फोटो होता, परांचीवर उभी, डोक्याला रुमाल, नाकाला चुना.

एल्विओने ती ओळ पुन्हा वाचली. डाव्या हाताची खोली. शेकोटीसमोरची भिंत. पेल्यातली वाइन तशीच राहिली, आणि एजिदिओच्या बारमध्ये असं यापूर्वी एकदाच झालं होतं, एल्विओची आई गेली त्या दिवशी.

कारण ती भिंत त्याच्या चांगल्या ओळखीची होती. शहात्तर सालच्या मे महिन्यात भूकंप झाला, तेव्हा त्या व्हिलात कुणी सरदार-दरकदार राहत नव्हते. कुळांची चार कुटुंबं राहत होती. मोठ्या दिवाणखान्यात मक्याची कणसं वाळत, पुढच्या खांबांना दोऱ्या बांधून लंगोट सुकत. धक्क्याने भिंतींना भेगा गेल्या आणि चारही कुटुंबं पोराबाळांसकट अंगणात तंबूत येऊन पडली. एल्विओ तेव्हा तेवीस वर्षांचा, मुकादम जिल्दोच्या टोळीत. डाव्या हाताच्या खोलीतली शेकोटीसमोरची भिंत त्याच्या वाट्याला आली. त्याने ती छिन्नी-हातोड्याने विटेपर्यंत सोलली आणि वर सिमेंटचा गिलावा चढवला. तिथे सात थर काय, जुन्या चुन्याची एक खपलीसुद्धा ठेवली नव्हती. त्या चुन्याखाली काही होतं का, याचं उत्तर त्याने कधी कुणाला दिलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

मग जिथे भिंतच नवी, तिथे साडेचारशे वर्षांचं चित्र आलं कुठून?

घरी येऊन त्याने मुलीला फोन लावला.

"पापा, वाचलंस ना?" मोरेनाचा आवाज हसरा होता. "मम्मीने कात्रण फ्रिजवर लावलंय म्हणे."

"वाचलं. मोरेना, शहात्तर साली मी तिथे काम केलंय."

पलीकडे हसू थांबलं. दूर कुणीतरी बादली ओढत होतं, तेवढाच आवाज येत राहिला.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"पापा, ते राहू दे. आणि ऐक, त्या भिंतीबद्दल कुणाशी बोलू नकोस. बारमध्ये तर अजिबात नको. रविवारी ये, मग बघू."

तिने फोन ठेवला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, असं त्याला वाटलं. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते दुसऱ्या कुणाच्या नाही, आपल्याच घरात मुरत होतं.

पुढचे चार दिवस त्याने झोप सोडून सगळं केलं. जुन्या गोष्टी एकेक काढून तपासल्या. गेल्या हिवाळ्यात मोरेना जेवायला आली होती तेव्हा म्हणाली होती, आतल्या खोल्यांत काही सापडलं नाही तर देणगीदार हात आखडते घेतील आणि माझी सहा माणसं घरी जातील. मार्चमध्ये एकाएकी काम जोरात सुरू झालं. तेव्हा त्याने विचारलं नव्हतं. आणि हात म्हणाल तर तो तिच्याकडे होताच. तो त्यानेच दिला होता. सात वर्षांची असल्यापासून ती शनिवारी त्याच्याबरोबर कामावर यायची. चुना किती मुरवायचा, वाळू कुठल्या वळणावरची घ्यायची, ओल्या गिलाव्यावर बोट टेकवून तो रंग पिईल की नाही हे कसं ओळखायचं, सगळं तिला त्याने शिकवलं होतं. या जिल्ह्यात साडेचारशे वर्षांपूर्वीसारखा गिलावा करू शकेल असं माणूस एकच उरलं होतं, आणि ते त्याच्या स्वयंपाकघरात वाढलं होतं.

रविवारी गाडीत त्याने निवेसला सगळं सांगितलं. निवेसने नवा निळा कोट घातला होता आणि आज तिला कुणाचीही वायफळ बडबड ऐकायची नव्हती.

"आपली मोरेना? लहानपणी चोरून बिस्कीट खाल्लं तरी कबूल करायला यायची ती."

"बिस्किटाची गोष्ट वेगळी."

"सुतावरून स्वर्ग गाठतोस तू. तिला म्हणे फोनवर दोन सेकंद बोलता आलं नाही, म्हणून ती भामटी?"

"दोन नाही. सात-आठ सेकंद."

"घड्याळ लावून बसला होतास का?"

"निवेस, ती भिंत मी सोललीय. या हातांनी. तिथे चित्र असूच शकत नाही." त्याने गाडी हळू केली. "वारसा खात्याचा माणूस उद्या तिच्या अहवालावर सही करणार. सही झाली की ते सरकारी कागदावरचं खोटं होतं. मग वर्षा-दोन वर्षांनी कुणीतरी शहाणा येणार, खपली काढून तपासणार, आणि पोर कोर्टात उभी राहणार. आज फुटलं तर काम जाईल, नाव जाईल. पण तुरुंग नाही."

"आणि हे फोडणार कोण? तू?"

एल्विओने गाडीचा वेग पुन्हा वाढवला. निवेसने तोंड खिडकीकडे वळवलं आणि व्हिला येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

व्हिला ओळखू येत नव्हती. समोरच्या खांबांवरचा काळा थर जाऊन खालचा पिवळसर गिलावा उघडा झाला होता. धान्याच्या कोठारांच्या कमानी दोन्ही बाजूंना पसरल्या होत्या. सुरूच्या झाडांमधला रस्ता, पुढे रुंद पायऱ्या, वर खांब, मधोमध मोठं दार. त्याच्या वेळी या पायऱ्या गवताच्या भाऱ्यांनी बुजलेल्या असत आणि दाराला आतून फळ्या ठोकलेल्या. आज तिथे गालिचा होता आणि एक मुलगी प्रत्येकाच्या हाताला कागदी पट्टी बांधत होती. एल्विओने पायरीच्या दगडाची सांध बघितली. सांध चांगली भरली होती. चांगल्या कामाने त्याचा जीव आणखी घाबरा झाला.

दारातून आत गेल्यावर मधला दिवाणखाना, आणि दोन्ही बाजूंना खोल्या. तो डावीकडे वळला.

भिंतीपाशी वीस-पंचवीस माणसं उभी होती आणि मोरेना त्यांना सांगत होती. अडतीस वर्षांची झाली होती, पण लोकांपुढे बोलताना अजून कानामागे केस सारत होती. तिने वडिलांना पाहिलं, मान हलवली आणि बोलणं चालू ठेवलं.

"जिथे चित्र नष्टच झालंय, तिथे आम्ही बारीक उभ्या रेघांनी रंग भरतो. लांबून तो मूळ रंगाशी जुळतो. जवळ गेलात की रेघा दिसतात. आमचा हात कुठे लागला ते लपवायचं नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम."

ऐका, एल्विओ मनात म्हणाला. म्हणे लपवायचं नाही.

चित्रात बागेत जेवायला बसलेली मंडळी होती. एक बाई खरबूज कापत होती, शेजारचा म्हातारा हात पुढे करून फोडीची वाट बघत होता. म्हाताऱ्याच्या तोंडाला सुटलेलं पाणी इतकं खरं होतं की क्षणभर एल्विओ सगळं विसरला. मग त्याला स्वतःचा राग आला. तो गर्दीतून पुढे सरकला आणि गाल जवळजवळ भिंतीला लावून तिरकं बघू लागला. ओल्या गिलाव्यावर रंगवायचं तर चितारी एका दिवसात संपेल तेवढाच तुकडा लिंपून घेतो, आणि दोन दिवसांच्या तुकड्यांमध्ये सांध राहते. सांधी होत्या. बाईच्या खांद्यापाशी एक, टेबलाखाली एक. उभ्या रेघाही होत्या, अगदी नियमाने. त्याने बोटाच्या पेराने भिंतीवर हळूच टकटक केलं. सिमेंटचा टणटणीत आवाज आला नाही. मऊ, भरलेला, जुन्या चुन्याचा आवाज आला.

"सिन्योर, हात लावायचा नाही," कोपऱ्यातल्या स्वयंसेविकेने सांगितलं.

एखाद्या सरळ मनाच्या माणसाला एवढ्यावर बरं वाटलं असतं. एल्विओला उलटं वाटलं. म्हणजे तिने माझं सिमेंट काढलं, मागे चुना लावला, आणि सांधीसुद्धा जुन्या पद्धतीने सोडल्या. काही म्हणजे काही राहू दिलं नाही पोरीने. त्याला अभिमान वाटला आणि भीतीही, दोन्ही एकदमच.

दाराशी वारसा खात्याचे तपासनीस उभे होते. लुकेत्ता त्यांचं नाव, किरकोळ बांध्याचे, चष्मा दोरीने गळ्यात टांगलेला. दुसऱ्याचं बोलणं ऐकताना ते मान तिरकी करत, जणू वाक्याच्या मागे काय आहे ते बघत आहेत. एल्विओला ते पाहताक्षणी आवडले होते. तो त्यांच्यापाशी गेला.

"साहेब, मी एल्विओ फुर्लानेत्तो. गवंडी. शहात्तरच्या भूकंपानंतर मी या खोलीत काम केलंय. या भिंतीबद्दल मला सांगायचंय. उद्या सही करायच्या आधी."

"फुर्लानेत्तो म्हणजे मोरेनाचे..."

"वडील."

लुकेत्तांनी चष्मा चढवला, त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि काढला. "शहात्तरचं कुणी जिवंत सापडेल का, हे मी वर्षभर विचारतोय. तुमची मुलगी म्हणाली, कुणी उरलं नाही." ते थांबले. "अर्ध्या तासात पाहुणे पांगतील. तेव्हा बोलू. जाऊ नका कुठे."

खोलीच्या पलीकडून मोरेना हे बघत होती. ऐकू काही गेलं नसेल, पण तिचा चेहरा उतरला. एल्विओने तो उतरलेला पाहिला आणि त्याची उरलीसुरली आशाही गेली. आता बाण सुटला होता. आपणच सोडला होता, आणि तो आपल्याच पोरीकडे निघाला होता. त्याला खरोखर रडू येत होतं.

तेवढ्यात चर्चची घंटा वाजू लागली. अकरा. सेहेचाळीस वर्षांपूर्वी या खोलीत काम करताना घंटा वाजली की सगळी टोळी खिडकीकडे बघायची, कारण घंटाघराचं घड्याळ तिथून समोर दिसायचं आणि जिल्दो घंटेपेक्षा घड्याळावर विश्वास ठेवायचा. एल्विओची मानही आपोआप खिडकीकडे वळली.

खिडकीत नदी होती. काठाला पॉप्लरची रांग, पलीकडे कुणाचा तरी द्राक्षमळा. घंटाघर नव्हतं.

तो खिडकीपाशी गेला. डावीकडे वाकून पाहिलं, उजवीकडे वाकून पाहिलं. घंटा अजून वाजत होती, पण ती मागून येत होती, घराच्या पार पलीकडून.

"निवेस," त्याने हाक मारली. निवेस अजून रुसलेलीच होती, पण त्याचा आवाज ऐकून जवळ आली. "घंटाघर कुठे गेलं?"

"कुठे जाणार? चर्चपाशी आहे."

"या खिडकीतून दिसायचं."

"या खिडकीतून कसं दिसेल? चर्च त्या बाजूला. समोरच्या खोलीतून दिसत असेल." मग तिने त्याच्याकडे पाहिलं. "काय झालं? बस जरा."

तो बसला नाही. तो मनातल्या मनात त्या काळच्या वाटेने आत येत होता. सकाळी सहाला सायकल कोठाराच्या मागे लावायची. मागचं अंगण, तंबू, चुलीवर कॉफी उकळणाऱ्या बाया. मग मागचं दार, कारण गवंडी, कुळं आणि गुरं यांना तेवढंच दार होतं. मागच्या दाराने शिरलं की दिवाणखाना, आणि डाव्या हाताला खोली. त्याची खोली. आज तो पुढच्या दाराने आला होता, सिन्योर लोकांच्या दाराने, आयुष्यात पहिल्यांदा. आणि डावीकडे वळला होता.

बांधणाऱ्याने घर मधोमध घडी घातल्यासारखं बांधलं होतं. इकडे जशी खोली तशीच तिकडे. तीच शेकोटी, तीच खिडकी, तेवढीच भिंत. तो दिवाणखाना ओलांडून पलीकडे गेला.

पलीकडच्या खोलीत कुणी पाहुणे नव्हते, कारण बघायला काही नव्हतं. खिडकीत घंटाघर होतं, घड्याळासकट. शेकोटीसमोर कोरी पांढरी भिंत होती, नव्याने चुन्याचा साधा गिलावा केलेली. बाजूला छोटी पाटी: या खोलीतली भित्तिचित्रं १९७६ च्या भूकंपात नष्ट झाली.

एल्विओने पाटी वाचली आणि त्याला कळलं की मुलीने खोटं लिहिलं होतं. तेवढं त्याने बरोबर ओळखलं होतं.

"इथे सिमेंट होतं. मी काढलं," मागून मोरेना म्हणाली. तिने दार लोटून घेतलं. "खिडकीखाली, जमिनीलगत तुझं नाव निघालं. ए. फुर्लानेत्तो, जून शहात्तर. खिळ्याने कोरलेलं. तूच शिकवलं होतंस, नाव तिथे लिहायचं जिथे कुणी वाकत नाही. मी वाकले."

"मग?"

"तो तुकडा पिशवीत घालून घरी नेला. सिमेंटच्या मागे विटांवर छिन्नीचे टाचे होते, जवळजवळ, एक इंचही न सोडलेले. आणि भेगांत चुन्याच्या दोन खपल्या अडकल्या होत्या, निळ्या." ती भिंतीकडेच बघत बोलत होती. "भूकंपाने गिलावा पडलेली भिंत अशी नसते, पापा. हे मला तूच शिकवलंयस."

"रंग दिसला होता," एल्विओ म्हणाला. सेहेचाळीस वर्षांनी हे शब्द बाहेर पडले ते अगदी साधे निघाले. "जिल्दो म्हणाला, रंग निघाला हे बाहेर कळलं तर सरकार काम थांबवणार, दोन वर्षं कागद फिरणार, आणि ही चार कुटुंबं हिवाळा तंबूत काढणार. तान्ही पोरं होती दोन."

"मला कळलंच नाही का ते? म्हणून तर पाटी लिहिली. अहवालातही तेच लिहिलं." मग ती वळली. "तू लुकेत्ता साहेबांना काय सांगितलंस?"

"भिंतीबद्दल बोलायचंय, एवढंच."

"काय बोलणार होतास?"

मोरेना हुशार मुलगी होती. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग उघड्या खिडकीकडे, मग दिवाणखान्यापलीकडच्या खोलीच्या दिशेने, आणि तिला सगळं उमगलं.

"तुला वाटलं ते चित्र मी रंगवलं."

"मी डावं-उजवं..."

"डाव्या-उजव्याचं सोड. तुला वाटलं मी रंगवलं." ती हसायला गेली, पण ते जमलं नाही. "तीन वर्षं काम केलं, पापा. एक ओळ खोटी लिहिली, एकच, आणि ती तुझ्यासाठी. आणि तू त्या माणसाकडे गेलास. माझ्याकडे नाही. त्याच्याकडे."

लाज वाटली म्हणजे माणूस खाली बघतो, एल्विओ भिंतीकडे बघत राहिला.

"मी साहेबांना खरं सांगतो," शेवटी तो म्हणाला. "मी फोडली म्हणतो. होऊ दे काय व्हायचं ते. या वयात मला कोण काय करणार?"

"तुला नाही करणार. माझी ओळ खोटी ठरेल. एक ओळ खोटी निघाली की लोक विचारतील, बाकीच्या खऱ्या कशावरून? मग पलीकडची खरी भिंतही खोटी होईल. जगात तुझ्यासारखी माणसं पुष्कळ आहेत."

दारावर टकटक झाली आणि लुकेत्ता आत आले, हातात वही. त्यांनी बापाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि मान तिरकी केली.

"मी तुम्हाला पलीकडे शोधत होतो, सिन्योर फुर्लानेत्तो. तुम्ही तर त्या भिंतीबद्दल बोलणार होतात."

"या भिंतीबद्दल, साहेब. मी चुकलो. आम्ही मागच्या दाराने यायचो, म्हणून ही आमची डावीकडची."

"अच्छा." त्यांना ते पटल्यासारखं दिसलं नाही. "बोला मग."

आयुष्यभर ज्याने वाळूच्या पोत्यातही खोट खपवून घेतली नाही, तो एल्विओ फुर्लानेत्तो एक श्वास घेऊन म्हणाला, "भूकंपात चित्र पडलं. पाटीवर आहे तसंच. मी पाहिलंय."

"तुम्ही त्या वेळी इथे होतात? भूकंप रात्री नऊला झाला."

"मोठा धक्का रात्रीचा. नंतर महिनाभर लहान बसत होते. त्यातल्या एकात. सकाळची वेळ होती."

लुकेत्तांनी लिहिलं. "मग विटांवर छिन्नीच्या खुणा कशा? फोटोत मी मोजल्यात, शेकड्याने आहेत."

मोरेना हलली नाही. एल्विओला कधी नव्हे ते एका गोष्टीचं बरं वाटलं, की समोरचा माणूस आपल्याइतकाच शंकेखोर आहे. अशा माणसाला काय हवं असतं ते त्याला ठाऊक होतं.

"साहेब, गुळगुळीत विटेवर सिमेंट धरत नाही. टाचे मारावेच लागतात. ते मी मारले. गिलावा पडल्यावर."

"पडल्यावर."

"पडल्यावर. कुठल्याही गवंड्याला विचारा."

लुकेत्तांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. मग वही मिटली आणि पेन खिशाला लावलं. "अहवालात ही साक्ष जोडतो. तुमच्या नावाने, तुमच्या सहीने. चालेल?"

"चालेल."

"एक विचारायचं राहिलं," ते दाराकडे जाता जाता वळले. "चित्र पडताना तुम्ही पाहिलंत म्हणता. मग काय होतं ते?"

इथे नाही म्हणता आलं असतं. धुरळा होता, दिसलं नाही, म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. एल्विओने तोंड उघडलं, आणि त्याला मोरेना दिसली. तिने एप्रनच्या खिशातून पेन्सिल काढली होती आणि माहितीपत्रकाच्या पाठीवर ती टेकवून उभी होती. ती अजून रागावलेली होती, आणि तरीही ऐकायला थांबली होती. तीन वर्षं तिच्याकडे या भिंतीच्या फक्त दोन निळ्या खपल्या होत्या.

"वर आकाश होतं," एल्विओ म्हणाला. "निळं, कोपऱ्यात ढग. खाली दगडी कठडा, खराच वाटावा असा. कठड्यावर एक बाई रेलली होती, खोलीत खाली बघत."

लुकेत्तांनी पुन्हा वही उघडली. "कपडे?"

"हिरवा झगा. बाहीला पिवळी पट्टी, एवढी. डाव्या हातात पंखा, मिटलेला. कोपराशी एक कुत्रं, लांब कानांचं, पंजा कठड्याबाहेर काढून बसलेलं. कठड्याच्या एका खांबाला तडा दाखवला होता, मुद्दाम. मी आधी तो खराच तडा समजलो." तो थांबला. एवढं सगळं अजून आपल्यापाशी आहे हे त्याला माहीत नव्हतं. "तिच्या हाताची नखंसुद्धा काढली होती."

मोरेना भराभर लिहीत होती. कागदाला आधार नव्हता म्हणून अक्षरं वेडीवाकडी येत होती. "आणि चेहरा?" तिने वर न बघता विचारलं. "चेहरा कसा होता?"

एल्विओ कोऱ्या भिंतीसमोर उभा होता, छिन्नी धरायला उभा राहायचा तिथेच.

"तो मला सांगता येणार नाही," तो म्हणाला. "तो सगळ्यात आधी पडला. ती माझ्याकडे बघत राहिली असती, तर बाकीचं पडलं नसतं."

लुकेत्तांनी वहीत ‘चेहरा प्रथम’ एवढं लिहून घेतलं आणि ते बाहेर गेले. मोरेनाची पेन्सिल कागदावर टेकलेली होती, पण ते वाक्य तिने लिहिलं नाही.